सभा वैद्यांची, हित रुग्णांचे

संस्था काढणे सोपे असते, ती चालविणे कठीण असते. आणि ज्या हेतूने ती काढली त्या हेतूशी वर्षानुवर्षे इमान राखणे सर्वांत कठीण असते. आमच्या गोमंतकात देवस्थानांच्या महाजनांपासून गावच्या वाचनालयाच्या चिटणिसापर्यंत ज्यांनी ज्यांनी संस्थेचे दप्तर सांभाळले आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. परंतु समाजात अशाही काही संस्था असतात की ज्यांच्या कारभारात सामान्य माणूस कधी डोकावून पाहात नाही आणि तरीही त्या कारभाराचा बरावाईट परिणाम त्याच्या आयुष्यावर होत राहतो. वैद्यकीय तज्ज्ञांच्या व्यावसायिक संस्था या अशांपैकी होत. हृदयविकाराच्या तज्ज्ञांची संस्था निराळी, अस्थिरोगाच्या तज्ज्ञांची निराळी, तशीच मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञांचीही निराळी असते. या शेवटच्या संस्थेविषयी आज लिहावयाचे आहे, आणि त्यासाठी दृष्टी बडोद्याकडे वळवावयाची आहे.

बडोदेच का, असे कोणी विचारील. त्याचे पहिले कारण असे की, संस्था कशी उभारावी आणि ती लोकांच्या दारापर्यंत कशी न्यावी, याचा वस्तुपाठ मराठी माणसाने जेथे घालून दिला असे ते शहर आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली आपल्या राज्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण करून राज्यभर वाचनालयांचे जाळे विणले आणि जेथे वाचनालय काढणे शक्य नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या धाडल्या. ज्ञान राजधानीत साठवून ठेवण्यासाठी नसते, ते खेड्यात पोहोचले पाहिजे, हे तत्त्व त्या पेट्यांमागे होते. २०१८ साली साहित्य संमेलनाच्या निमित्ताने मराठी लेखक-वाचक बडोद्यात जमले तेव्हा या वारशाचे स्मरण पुष्कळांनी केले. तो वारसा केवळ साहित्याचा नव्हे, संस्थाजीवनाचाही आहे, एवढेच आम्हांस येथे नोंदवावयाचे आहे.

दुसरे कारण अधिक व्यवहारातले आहे. बडोद्याहून अहमदाबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मूत्रपिंडविकारांच्या उपचाराची दोन मोठी केंद्रे गेल्या काही दशकांत उभी राहिली. नडियाद येथे मुळजीभाई पटेल यांच्या नावाचे मूत्ररोग रुग्णालय १९७८ साली सुरू झाले. अहमदाबादेस कॅनडातील प्रतिष्ठित नोकरी सोडून १९७७ साली मायदेशी परतलेले डॉ. हरगोविंद त्रिवेदी यांनी शासकीय रुग्णालयाच्या आवारात मूत्रपिंडविकार संस्था उभी केली आणि २०१९ साली मृत्यू येईपर्यंत तिला वाहून घेतले. खुद्द बडोद्यात १९४९ सालचे वैद्यकीय महाविद्यालय आणि सयाजीरावांच्याच नावाचे मोठे सार्वजनिक रुग्णालय आहे. अशा प्रदेशात, जेथे तज्ज्ञ आहेत, रुग्णालये आहेत आणि दानशूर व्यापारीही आहेत, तेथे या तज्ज्ञांच्या संघटनेने नेमके काय करावे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर आम्हां गोमंतकीयांच्याही कामाचे आहे.

आधी रोगाविषयी दोन शब्द. माणसाच्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांस मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात आणि प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तातील द्रव त्यांतून दिवसाकाठी १८० लिटरच्या आसपास गाळला जातो आणि त्यातील बहुतेक सर्व शरीरात परत घेतला जातो. हा अवयव मोठा सोशिक आहे. निम्म्याहून अधिक शक्ती गेली तरी तो तक्रार करीत नाही. आणि जेव्हा पायावर सूज, मळमळ, धाप अशी लक्षणे दिसू लागतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यानंतर दोनच मार्ग उरतात. एक, आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार-चार तास यंत्राला जोडून घेऊन रक्त शुद्ध करविणे, म्हणजेच डायलिसिस. दुसरा, दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविणे. पहिला मार्ग माणसाची मिळकत खातो आणि दुसऱ्यासाठी कोणाचे तरी दान लागते. घरात एकास हा विकार जडला की सारे घर त्या खुर्चीला बांधले जाते. ज्याचे जळते त्यालाच हे कळते.

या विकारांचे स्वतंत्र शास्त्र फार जुने नाही. विलेम कोल्फ या डच वैद्याने दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, कृत्रिम मूत्रपिंडाचे पहिले उपयुक्त यंत्र तयार केले आणि १९४५ साली त्या यंत्रावर पहिला रुग्ण वाचला. १९५४ साली बोस्टन येथे जुळ्या भावाचे मूत्रपिंड भावास बसविण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली. १९६० साली या शास्त्राच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संस्था जन्मास आली. आपल्या देशात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली मूत्रपिंडरोपणाचा पहिला प्रयत्न झाला आणि १९७१ साली वेल्लोर येथे जिवंत दात्याकडून केलेले रोपण यशस्वी ठरले. या दोन घटनांच्या मध्ये, १९७० साली, भारतीय मूत्रपिंडतज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था, इंडियन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी, स्थापन झाली. चंदीगडचे डॉ. किरपाल सिंग चुघ हे तिच्या आद्य पुरुषांपैकी एक. सर्पदंश, विषप्रयोग, अतिसार यांमुळे मूत्रपिंडे अकस्मात बंद पडण्याच्या प्रकारांचा त्यांनी केलेला अभ्यास जगन्मान्य झाला. पाश्चात्त्य ग्रंथांत या विषयांना जेमतेम एखादा परिच्छेद मिळत असे. येथे त्यांनी रुग्णालयांच्या खाटा भरत होत्या. आपल्या रोगांचा अभ्यास आपणच केला पाहिजे, ही जाणीव त्या कार्याच्या मुळाशी होती. आमच्या किनाऱ्यावर घोणस आणि फुरसे यांच्या दंशाने व पावसाळ्यातील लेप्टोस्पायरोसिसने मूत्रपिंडे निकामी झालेला शेतमजूर वेळीच उपचार मिळाल्यास पूर्ण बरा होऊन घरी जातो. त्यामागे अशाच अभ्यासकांची पुण्याई उभी आहे, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

आता संस्थेच्या कारभाराकडे वळू. अशा सभांची नोंदणी सामान्यतः १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली होते. कमीत कमी सात जणांनी एकत्र यावे, हेतुपत्र आणि नियमावली तयार करावी, कार्यकारी मंडळाची यादी दरवर्षी सादर करावी, असा हा साधा कायदा आहे. महाराष्ट्र व गुजरात ही एकेकाळी एकाच राज्यात असल्याने १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदाही दोन्हींकडे वारशाने आला, आणि त्यान्वये धर्मादाय आयुक्तांपुढे हिशेब ठेवावे लागतात. कागदोपत्री एवढेच. प्रत्यक्षात हा गाडा ओढणारा असतो तो चिटणीस. दिवसभर रुग्ण तपासून, डायलिसिस कक्षाची फेरी उरकून, रात्री दहानंतर तो सभासदांना पत्रे लिहितो, थकलेल्या वर्गणीची आठवण देतो, व्याख्यात्यांच्या गाडीच्या वेळा जुळवितो, इतिवृत्त लिहितो. या श्रमाला वेतन नाही आणि बहुधा आभारही नाहीत. वार्षिक सर्वसाधारण सभेत मात्र चहा थंड होता इथपासून निवडणूक गैर झाली इथपर्यंत सारे दोष त्याच्या माथी मारले जातात. हे चित्र आमच्या वाचकांस अपरिचित नाही. महाजनांच्या सभा पाहिलेल्यास ते पाहून मौजच वाटेल.

पण महाजनकीची उपमा आणखी एका दृष्टीने लागू पडते. एखाद्या देवस्थानात वर्षभर दिवाबत्तीची हेळसांड व्हावी आणि जत्रेच्या दिवशी मात्र हजारो दिव्यांची रोषणाई करावी, असे होऊ लागले की जाणता माणूस म्हणतो, उत्सव वाढला आणि देव मागे पडला. व्यावसायिक संस्थांच्या वार्षिक परिषदांविषयी अशीच शंका घ्यावी अशी परिस्थिती आहे. तारांकित हॉटेल, दालनभर औषध कंपन्यांचे गाळे, पाहुण्यांचे सत्कार, रात्रीचे भोजन, आणि या सर्वांच्या मध्ये कोठेतरी निबंधवाचन. परिषदा भरवू नयेत असे आम्ही म्हणत नाही. समव्यावसायिकांनी एकत्र येऊन चुका पडताळल्याखेरीज कोणतेही शास्त्र पुढे जात नाही. परंतु परिषद म्हणजे संस्था नव्हे. उरलेल्या ३६० दिवसांत संस्था काय करते यावरूनच तिची किंमत ठरली पाहिजे.

आमच्या मते अशा संस्थेची कर्तव्ये मुख्यतः चार आहेत, आणि त्यांतील पहिले मोजणीचे आहे. रोग किती, कोणास, कोठे, कशामुळे, हे जोवर मोजले जात नाही तोवर शासनाच्या लेखी तो रोग अस्तित्वातच नसतो. या बाबतीत या तज्ज्ञांच्या संस्थेने एक मोलाचे काम केले आहे आणि त्याचे बरेच श्रेय बडोद्याशेजारच्या नडियादकडे जाते. २००५ साली दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची देशव्यापी नोंदवही सुरू झाली आणि २०१२ साली तिचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचे प्रथम लेखक नडियादच्या रुग्णालयातील डॉ. मोहन राजापूरकर हे होते. कोणाची सक्ती नसताना देशभरच्या तज्ज्ञांनी स्वतःच्या रुग्णांची माहिती भरून दिली आणि ५२,२७३ रुग्णांची नोंद झाली. त्यांतील ३१ टक्के रुग्णांत मूळ कारण मधुमेह होते, १३ टक्क्यांत रक्तदाब होता, १४ टक्क्यांत मूत्रपिंडांच्या गाळण्यांचा दाह होता. आणि १६ टक्के रुग्णांत कारण काय ते कळलेच नाही. निम्म्याच्या आसपास रुग्ण तज्ज्ञाकडे प्रथम आले तेच शेवटच्या, पाचव्या अवस्थेत.

या अहवालातील दोन गोष्टी वाचून मन अस्वस्थ होते. नोंदलेल्या शंभर रुग्णांत सत्तर पुरुष होते, स्त्रिया केवळ तीस. रोग काही स्त्रियांवर दया करीत नाही. स्त्रीला डॉक्टरकडे नेण्याची घाई घरात कोणाला नसते, असाच याचा अर्थ आम्ही लावतो. दुसरी गोष्ट अशी की, ज्यांच्या रोगाचे कारण कळले नाही ते रुग्ण वयाने लहान होते, अधिक वेळा शेवटच्या अवस्थेत आले होते, आणि सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या गरिबांत त्यांचे प्रमाण जास्त होते. म्हणजे ज्याच्यापाशी पैसा नाही त्याचा रोग उशिरा उघडकीस येतो, आणि उशीर झाला की कारण शोधण्याची संधीही निघून जाते. अर्थात ही नोंदवही रुग्णालयांतली आहे. जे तज्ज्ञापर्यंत पोहोचलेच नाहीत त्यांची गणती तीत नाही. तरीही अंधारात चाचपडणाऱ्यास ही एक पणती आहे, आणि ती तेवत ठेवण्यास वर्षानुवर्षे चिकाटीने तेल घालावे लागते. नोंदवही सुरू करणाऱ्याचे कौतुक होते. दहाव्या वर्षी ती भरणाऱ्याचे होत नाही. खरे काम मात्र दहाव्या वर्षीचेच असते.

ही गोष्ट गोमंतकाला किती निकटची आहे हे सांगण्यास दूर जावे लागत नाही. आमच्या काणकोण तालुक्यात मधुमेह नसलेली, रक्तदाब नसलेली कष्टकरी माणसे मूत्रपिंडविकाराने खंगत असल्याच्या तक्रारी पुष्कळ वर्षांच्या आहेत. तेथील भूजलात असलेली सिलिका आणि शिसे यांचा या विकाराशी संबंध असावा, असा निष्कर्ष गोव्यातील बिट्स पिलानी संस्थेच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडला. आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातील उद्दानम हा किनारी भाग, श्रीलंकेचा भातशेतीचा मुलूख, मध्य अमेरिकेतील उसाचे मळे, येथेही असाच अज्ञात कारणाचा विकार शेतात राबणाऱ्यांना ग्रासून राहिला आहे. पाणी, उष्मा, कीटकनाशके, जड धातू अशी अनेक कारणे सांगितली जातात; सर्वत्र लागू पडेल असे एकमत अद्याप झालेले नाही. हा गुंता एखादा डॉक्टर आपल्या खोलीत बसून सोडवू शकणार नाही. त्यासाठी भूजलतज्ज्ञ, रसायनतज्ज्ञ, शासनाचे आरोग्य खाते आणि घरोघर जाणारी परिचारिका या सर्वांची सांगड घालणारी आणि दहा-पंधरा वर्षे चिकाटी न सोडणारी संघटना हवी. तज्ज्ञांच्या सभेने हे काम आपले मानले नाही तर ते कोणाचेच राहणार नाही. डायलिसिसचे यंत्र बसविले म्हणजे काणकोणचा प्रश्न सुटला असे समजणे म्हणजे छपराची गळती तशीच ठेवून खाली घागर मांडण्यासारखे आहे.

दुसरे कर्तव्य पैशाच्या शुचितेचे. या रोगाच्या उपचारात मोठी उलाढाल आहे. यंत्रे, गाळण्या, इंजेक्शने, रोपणानंतर जन्मभर घ्यावयाची औषधे, या सर्वांचे उत्पादक डॉक्टरांच्या सभेत यजमान होण्यास उत्सुक असतात, आणि त्यांचे औदार्य निर्हेतुक नसते. भारतीय वैद्यक परिषदेने २००९ साली डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवासखर्च, आतिथ्य स्वीकारण्यास बंदी घातली. परंतु २०१६ साली त्या नियमातून डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटनांचा उल्लेख वगळण्यात आला. एकट्या डॉक्टरास जे वर्ज्य, ते त्याच डॉक्टरांच्या सभेस मात्र वर्ज्य नाही, अशी ही चमत्कारिक अवस्था! २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा भेटींवरील खर्चाची वजावट कंपन्यांना प्राप्तिकरात मिळणार नाही असा निर्णय दिला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अधिक कडक नियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. २०२४ साली केंद्र शासनाने औषध कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता आणली. कायद्याची ही धरसोड पाहता शुचितेचा भार अखेर संस्थांच्या स्वतःच्या विवेकावर येऊन पडतो.

कंपन्यांचा पैसा मुळीच नको, असा टोकाचा आग्रह आम्ही धरीत नाही. वर्गणीवर परिषद चालत नाही, हे चिटणिसाचे म्हणणे खरे असते. आमची मागणी साधी आहे. कोणाकडून किती रुपये आले आणि ते कशावर खर्च झाले याचा ताळेबंद सर्वांना पाहता येईल असा प्रसिद्ध करावा. ज्याने ज्या कंपनीचे मानधन घेतले त्याने तिच्या औषधाविषयी बोलण्याआधी तसे सांगावे. व्याख्यानाचा विषय आणि वक्ता संस्थेने ठरवावा, पैसे देणाऱ्याने नव्हे. गावच्या देवस्थानाचा जमाखर्च महाजनांपुढे वाचून दाखविला जातो. विद्वानांच्या सभेला त्याहून कमी कसोटी का असावी?

तिसरे कर्तव्य सर्वांत कठोर आहे. मूत्रपिंड ही विकत घेण्याची वस्तू नव्हे, हे सांगण्याचे. १९८० च्या दशकात आपल्या देशात मूत्रपिंडांचा बाजार उघड्यावर भरत होता. कर्जात बुडालेले गरीब आपल्या देहाचा भाग विकत होते आणि परदेशातून गिऱ्हाइके येत होती. त्यास आळा घालणारा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने १९९४ साली केला. हा कायदा व्हावा असा ठराव ज्या तीन राज्यांच्या विधानसभांनी प्रथम केला त्यांत महाराष्ट्र व हिमाचल प्रदेशाबरोबर आमचा चिमुकला गोवाही होता, हे आमच्या तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. या कायद्याने अवयवांचा व्यापार गुन्हा ठरविला, मेंदुमृत्यूस मान्यता दिली आणि मृताच्या अवयवदानाचा मार्ग मोकळा केला. २००८ साली प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या व मूत्रपिंडतज्ज्ञांच्या दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी इस्तंबूल येथे जगभरच्या प्रतिनिधींना बोलावून अवयवव्यापाराविरुद्ध जाहीरनामा काढला. त्याच वर्षी आपल्याकडे गुरगाव येथे मूत्रपिंड विकणाऱ्या टोळीचे प्रकरण उघडकीस आले. कायदा आहे, जाहीरनामा आहे, आणि तरीही दलाल आहेत.

दलाल एकटा काही करू शकत नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीत अखेर डॉक्टरच लागतो. म्हणून अशा व्यवहारात हात माखलेल्या सभासदाचे काय करावयाचे, हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे केव्हातरी येतोच. आपल्यापैकीच एक म्हणून त्यावर पांघरूण घालण्याचा मोह सर्वच व्यवसायांना होतो. वकिलांना होतो, अधिकाऱ्यांना होतो, आम्हां पत्रकारांनाही होतो. परंतु ज्या सभेला आपल्या सभासदाचे नाव पटावरून कमी करण्याचे धैर्य नाही, तिने नीतीवर परिसंवाद भरवू नयेत. कायद्याच्या चौकटीत राहूनही एक अन्याय चाललेला असतो, तोही येथे सांगितला पाहिजे. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रिया अधिक आणि मूत्रपिंड मिळणाऱ्यांमध्ये पुरुष अधिक, असे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. आई देते, पत्नी देते, बहीण देते. त्यांच्या त्यागाला वंदन असो. पण त्यांपैकी किती जणींनी ते मनापासून दिले आणि कितीजणींना नाही म्हणण्याची सोयच नव्हती, हे एकान्तात शांतपणे विचारून घेणे डॉक्टरचे काम आहे. मृताच्या अवयवदानाची चळवळ वाढली तर घरातील स्त्रियांवरचे हे ओझे हलके होईल. पश्चिम भारताच्या अवयवदानाचे विभागीय केंद्र मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात आहे आणि गुजरात, महाराष्ट्र, गोवा ही तिन्ही राज्ये त्याच्या कक्षेत येतात. बडोद्यात एखाद्या कुटुंबाने घेतलेला उदार निर्णय आणि पणजीतला निर्णय अशा रीतीने एकाच व्यवस्थेचे भाग आहेत.

चौथे कर्तव्य ज्ञान वाटण्याचे. येथे सयाजीरावांच्या पेट्यांची आठवण होते. मूत्रपिंडतज्ज्ञ लोकसंख्येच्या मानाने फार थोडे आहेत आणि जे आहेत ते मोठ्या शहरांत एकवटले आहेत. तेव्हा रोग लवकर ओळखण्याचे काम तालुक्याचा साधा डॉक्टरच करणार. लघवीतील प्रथिनांची तपासणी आणि रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी, एवढ्या दोन स्वस्त चाचण्यांनी पुष्कळसे रुग्ण वेळीच हाती लागतात. मधुमेह व रक्तदाब असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी वर्षातून एकदा झाली पाहिजे. सांधेदुखीवर महिनोन्महिने दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांस अपाय करतात, हे आमच्या किती आज्यांना कोणी सांगितले आहे? २००६ पासून मार्च महिन्यातील दुसरा गुरुवार जागतिक मूत्रपिंड दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शहरात फेरी निघते, फुगे सोडले जातात, छायाचित्रे छापून येतात. ठीक आहे. पण त्याच दिवशी सावली, डभोई किंवा आमच्या पैंगीण, लोलये येथील डॉक्टरांना एकत्र बसवून दोन तास शिकविले तर त्याचे फळ पुढच्या मार्चपर्यंत टिकेल. आणि हे सारे लोकांच्या भाषेत झाले पाहिजे. गुजरातेत गुजरातीत, बडोद्याच्या मराठी वस्तीत मराठीत, गोव्यात कोकणी-मराठीत. डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला आपल्या रोगाचे नाव आपल्या भाषेत समजू नये, याइतका दुसरा एकाकीपणा नाही.

यावर डॉक्टरमंडळी काय म्हणतील याची आम्हांस कल्पना आहे. ही आमची खाजगी सभा आहे, आम्ही आमच्या वेळेतून आणि खिशातून ती चालवितो, समाजाने आम्हांस आधीच भरपूर कामास लावले आहे; आता सभेतही समाजाचा हिशेब द्यावयाचा काय? या म्हणण्यात तथ्य आहे. शंभर रुग्णांमागे धावणाऱ्या माणसाकडे मोजणी, शिक्षण, नीतिरक्षण, सारेच मागणे अन्यायाचे वाटू शकते. २०१६ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांपर्यंत यंत्रे नेण्याचे ठरविले. यंत्रे येतात, पण ती चालविणारे तंत्रज्ञ, एकेका बैठकीस लागणारे शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध पाणी आणि देखरेख करणारा तज्ज्ञ यांची वाण असली की त्याचा दोषही जवळच्या डॉक्टरलाच दिला जातो. शासनाने जे करावयाचे ते शासनानेच केले पाहिजे. त्याची जबाबदारी तज्ज्ञांच्या सभेवर ढकलणे आम्हांस मान्य नाही.

तथापि एक गोष्ट विसरता येत नाही. हे तज्ज्ञ बहुतांशी सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या महाविद्यालयांत शिकले आणि सार्वजनिक रुग्णालयांतील गरीब रुग्णांच्या देहांवर त्यांचे शिक्षण झाले. त्यांच्या सभेच्या शब्दाला जे वजन आहे ते त्यांच्या पदव्यांमुळे जितके, तितकेच समाजाने त्यांच्यावर टाकलेल्या विश्वासामुळे आहे. व्यापाऱ्यांच्या संघाने व्यापाऱ्यांचे हित पाहिले तर कोणी नावे ठेवीत नाही. वैद्यांच्या सभेने केवळ वैद्यांचे हित पाहिले तर मात्र तिला नावे ठेवली जातील, आणि ती ठेवलीच पाहिजेत.

तेव्हा बडोद्यातील असोत, मुंबईतील असोत वा गोव्यातील, या तज्ज्ञांच्या सर्व सभांना आमची विनंती आहे की, कार्यकारी मंडळाच्या बैठकीत एक खुर्ची रुग्णासाठी ठेवावी. डायलिसिसवर असलेला, बोलता येणारा, हिशेब समजणारा एखादा शाळामास्तर किंवा दुकानदार तेथे बसवावा. त्याला मत देण्याचा अधिकार नसला तरी चालेल. पुढच्या परिषदेचे भोजन कोठे ठेवावे यावर चर्चा चालू असता तो समोर बसलेला असला म्हणजे पुरे. नोंदवही पुढे चालू ठेवावयाची की नाही, कंपनीची देणगी कोणत्या अटीवर घ्यावयाची, काणकोणला पाहणी पथक केव्हा धाडावयाचे, हे विषय मग कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटी ढकलले जाणार नाहीत. त्याला आठ वाजता उठून जावे लागेल, कारण उद्या सकाळी सहाला त्याची यंत्रावर बसण्याची पाळी असेल. त्याची ही अडचण लक्षात घेऊन जी सभा आपली कामे आठच्या आत उरकील, ती सभा नीट चालली आहे असे आम्ही समजू.